पायावर पाय

माझी गाडी जुनी, रशियन, राखाडी.
जागा अकरा माणसांची.
त्या दिवशी सतरा होती, शिवाय एक बांधलेली मेंढी,
आणि मागच्या बाकावर, एकमेकांना खेटून,
पुरेव आणि लोदोय.
नऊ वर्षं त्यांच्यात शब्द नाही.

मी मुद्दाम नाही बसवलं. जागाच उरली नव्हती.

भांडण कशावरून, विचाराल तर हसाल.
कुरण नाही, घोडा नाही, बाई तर नाहीच.
दोघे एकाच हिवाळ्यातले.
त्या साली बर्फानं निम्मी गुरं नेली,
कोण आधी जन्मला हे लिहून ठेवायला
सवड कुणाला होती?
आणि आमच्यात नववर्षाच्या सकाळी
धाकट्यानं बाह्या खाली ओढायच्या,
दोन्ही तळवे थोरल्याच्या कोपरांखाली धरायचे.
म्हणजे, तुझं वय मी तोलतो, तू टेक निवांत.
एका दिवसानं थोरला तरी थोरलाच.

चाळीस वर्षं निभावलं: यंदा तू, पुढच्या वर्षी मी.
मग एका वर्षी दोघांनीही हात वरच ठेवले.
कुणी म्हणतं हिशेब चुकला, कुणी म्हणतं दारू.
भरल्या तंबूत, पाहुण्यांसमोर,
चार हात तसेच अधांतरी,
खुंटी न सापडलेल्या कोटांसारखे.
लोदोयच्या बायकोनं, सेव्जिदनं, चहा पुढे केला.
पुरेव तो न घेता निघाला.
आमच्याकडे चहा न घेता निघणं
म्हणजे काय, ते मी सांगत बसत नाही.

शहरातली पोरं हल्ली मुठीवर मूठ आपटतात.
खाणीवरचा कोरियन साहेब कमरेत वाकतो,
मग हात देतो, मग पुन्हा वाकतो,
तोवर माझं इंजिन थंड होतं.
माझ्या आईची शिकवण थोडकी होती.
हातमोजा काढून हात दे.
उंबऱ्यावर उभा राहून देऊ नकोस.
आणि कुणाच्या पायावर पाय पडला
तर विचार करू नकोस, हात दे,
लगेच. चोर असला तरी.
डोकं विसरतं गं बाई सगळं, ती म्हणायची शेजारणीला,
पाय विसरत नाही.

खिंडीजवळ गाडी उसळली. मेंढी ओरडली.
पुरेवचा बूट लोदोयच्या बुटावर.

हात निघाले.
रागाला अजून बातमीच पोचली नव्हती.
पुरेवनं दातांनी हातमोजा ओढला,
लोदोयचा हात उघडाच होता, तंबाखूनं पिवळा.
तोंडं दोन खिडक्यांकडे,
काचांवर बोटभर बर्फ, बाहेर बघायला काही नाही.
मधे, मेंढीच्या पाठीवरून, दोन उजवे हात.
कुणाचा वर, कुणाचा खाली,
आरशातून मला तरी कळलं नाही.

सुटले.
पुरेवनं मोजा चढवला. लोदोय खोकला.
पंधरा माणसं एकदम हवेबद्दल बोलू लागली.

पुढे घाटमाथ्यावर दगडांच्या राशीपाशी थांबलो.
तिथे थांबायचंच असतं.
तीन फेऱ्या, एकेक दगड, उणे एकतीस.
सगळे नाकं चोळत परत चढले.
मेंढी कुणीतरी पुढे सरकवली होती,
लोदोयला पाय पसरायला चांगली हातभर जागा.
तरी त्याचा बूट गेला तो नेमका
पुरेवच्या बुटावर.
टेकला. आणि तिथेच राहिला.

"रस्ता खराब आहे," लोदोय म्हणाला,
बर्फ धरलेल्या काचेला.

पुरेवनं हातमोजा काढायला घेतला,
या वेळी दातांनी नाही.
आधी करंगळी, मग एकेक बोट, सावकाश.

गाडी उभी होती. हँडब्रेक ओढलेला.
तो सोडायची
मी काही घाई केली नाही.